खुर्ची घेऊन कामाला जाणारा माणूस

माझे बाबा बिचारे नव्हते.

तेराव्याला आमच्या भांडुपच्या घरी जी माणसं आली, त्यातल्या निम्म्यांनी तरी हा शब्द वापरला. "बिचारा राबला हो जन्मभर." "बिचाऱ्याने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." मी चहाचे कप भरत होते आणि ऐकत होते. शेवटी लांबच्या एका काकांना मी म्हटलं, "काका, मागितलं नाही हे खरं आहे. पण हवं ते घेतलं त्यांनी. माहीत नसेल तर सांगते." काका म्हणाले, "असू दे गं, आता काय त्याचं." आईने डोळ्यांनी दटावलं. सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

दत्ताराम परब हे मुलुंडच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. त्याआधी भांडुपच्या एका कंपनीत मशीनवर होते. मी प्राथमिक शाळेत असताना ती कंपनी बंद पडली. बरोबरची काही माणसं गावी गेली, काही घरात बसून राहिली. बाबा दुसऱ्याच आठवड्यात सिक्युरिटी एजन्सीत नाव घालून आले. एजन्सीने दिलेला निळा शर्ट दोन माणसं मावतील एवढा ढगळ होता. तो त्यांनी आधी शिंप्याकडून मापात करून घेतला आणि मगच अंगात घातला. "ढगळ शर्टातलो राखणदार चोरासारखो दिसता," म्हणाले. घरात ते मालवणी बोलायचे, बाहेर मराठी, आणि भांडताना जी जिभेवर येईल ती.

आवाज मोठा. आमची वस्ती डोंगरावर आहे. खालच्या नळावर बाबा कुणाशी बोलत असले की वर आईला कळायचं आज पाणी किती वाजता येणार. पहाटे पाण्याचे हंडे तेच चढवायचे. मग दाढी, मग शर्टाला स्वतःच्या हाताने इस्त्री, आणि चालत मुलुंडला. रिक्षाने गेलेलं मी पाहिलं नाही. कामाला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. गेटच्या बिजागरीला तेल घालणं त्यांचं काम नव्हतं, ते घालायचे. म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या लिफ्टपर्यंत नेणं त्यांचं काम नव्हतं, ते न्यायचे. कुंड्यांना पाणी घालायचे आणि माळ्याशी भांडायचे की तू घालत नाहीस. दुसरा वॉचमन आला नाही तर त्याचीही पाळी करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर फाडून खायचे.

पण त्यांना कुणी काही "दिलं" की गंमत सुरू व्हायची.

सोसायटीत पहिल्या मजल्यावर शहा भाभी राहायच्या. मनाने चांगली बाई. दिवाळीनंतर त्यांनी उरलेला फराळ एका डब्यात भरून बाबांना दिला. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण ते शेजाऱ्यांच्या डब्याला. वॉचमनला दिलेल्या डब्याला हा नियम कोण लावतो? बाबांनी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घावणे घालायला बसवलं, सोबत नारळाचा रस. आई म्हणाली, "अहो, त्या डबा परत मिळाला तरी खूप म्हणतील." बाबा म्हणाले, "त्या म्हणतले गो. मी काय म्हणान?"

शहा भाभी दारात गोंधळल्या. "अरे परबभाऊ, तुम्ही कशाला एवढं?"

"तुम्ही कशाला?" बाबांनी विचारलं.

भाभी हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी उरलेलं देणं बंद केलं. द्यायच्या ते गरम द्यायच्या आणि सांगून द्यायच्या, "परबभाऊ, उद्या डबा येऊ दे, घाई नाही." पुढे तर घावण्यांसाठी त्याच आधी डबा पाठवू लागल्या. आई कुरकुरायची, पण घालायची.

मला कॉलेजात घालायला आले तेव्हाचीही गोष्ट सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ऑफिसात क्लार्कने बाबांचा निळा शर्ट पाहिला आणि म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा, मुलीला पाठवा." बाबांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "पालक मी आहे. रिकामी आहे ना ही? मग झालं. बोला." क्लार्क बोलला. सगळं नीट सांगितलं त्याने. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त सवय नव्हती.

आता खुर्चीवर येते, कारण बाबांची खरी गोष्ट ती आहे.

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. सोसायटीत नवे सेक्रेटरी आले आणि त्यांनी सगळीकडे कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यातलं चित्र त्यांच्या मोबाईलवर दिसायचं. दिवाळी झाली आणि एक दिवस ते खाली आले. आईला बाबांनी तो संवाद दोघांचे आवाज काढून इतक्या वेळा सांगितला की मलाही पाठ आहे.

"परब, मी मोबाईलवर बघतो, तुम्ही बसलेले असता."

"असतो ना. गाडी आली की उठतो."

"बघणाऱ्याला बरं दिसत नाही. गेटवर माणूस उभा पाहिजे. अलर्ट."

"साहेब, तुम्ही मोबाईल उभ्याने बघता काय?"

दुसऱ्या दिवशी गेटवरची खुर्ची गायब. सोसायटीची होती, सोसायटीने काढली.

बाबांचे गुडघे तेव्हा सुजायचे. कंपनीत वर्षानुवर्षं उभ्याने काम केलेलं. पण कुणी गुडघ्यांचं नाव काढलं की त्यांना राग यायचा. आई म्हणाली, "डॉक्टरांचं लिहून आणा ना, दाखवा त्यांना. दुखतंय म्हटल्यावर देतील खुर्ची."

"गुडघे दुखतत म्हणान नाय बसणंय मी," बाबा म्हणाले. "कंपनीत उभो होतंय, कित्याक? मशीन उभी होती म्हणान. हयसर काम इला तर उभो रवतंय, धावतंय पण. पण कोणाक मोबाईलवर बरा दिसाचा म्हणान उभो? मी काय शोभेचो पुतळो आसंय?"

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, शर्टाला इस्त्री झाल्यावर, त्यांनी आमच्या घरातली खुर्ची उचलली. दोनच होत्या, दोन्ही लाल प्लास्टिकच्या. एक माझी अभ्यासाची, तिला हात लावला नाही. दुसरी उलटी करून डोक्यावर घेतली, पाय आकाशाकडे, आणि डोंगर उतरायला लागले.

आई दारात येऊन म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायचं ते म्हणालेच. पायऱ्यांवर कुणीतरी विचारलं, "परबांनू, सभा खय आसा?" खालच्या वाण्याने विचारलं, "परबशेठ, मांडवाचं काँट्रॅक्ट घेतलं की काय?" बाबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "ऑफिसला चाललोय."

गेटवर खुर्ची मांडून बसले. सेक्रेटरी आले. म्हणाले, "खुर्ची काढली होती ना?" बाबा म्हणाले, "तुमची काढली. ही माझी." संध्याकाळी खुर्ची केबिनमागे ठेवून घरी आले, तर सकाळी ती पंपाच्या खोलीत भंगारात टाकलेली मिळाली. तेव्हापासून रोज नेऊ लागले, रोज आणू लागले. सकाळी भांडुपहून मुलुंड, संध्याकाळी मुलुंडहून भांडुप, डोक्यावर खुर्ची. ऊन असलं की म्हणायचे, सावली पण होते.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण एजन्सीचा सुपरवायझर पवार घरी आला. चांगला तरुण माणूस, बाबांना काका म्हणायचा. आमच्याकडे चहा पीत म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप करून घेता? सोसायटी म्हणते माणूस बदला. मी किती दिवस टाळू? दुसरी जागा मिळेलच असं नाही. वय बघा तुमचं."

"वय बघूनच बसतो रे," बाबा म्हणाले.

पवार गेला. बाबांच्या पगारावर घर चालत होतं, माझं कॉलेज चालत होतं. ही नोकरी गेली तर माझं शेवटचं वर्ष जाईल, हे घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. माझा मामा विक्रोळीला राहतो, आईने त्याला बोलावून घेतलं. मामा समजुतीने बोलला. "भावोजी, तुमचं बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण पोरीचं शेवटचं वर्ष. परीक्षेपर्यंत राहा उभे. बाप काय काय करतात पोरांसाठी. तुम्हाला नुसतं उभं राहायचंय."

बाबा एवढा वेळ ऐकत होते. आता म्हणाले, "माका तिच्या नावान उभो करू नको."

बाबांनी आवाज खाली आणला, जे ते फार क्वचित करत. "पाणी भरूचा आसा, भरतंय. डबल पाळी सांग, करतंय. तिच्यासाठी काय ता सांग. पण उद्या तिका कोण म्हणात, तुझो बापूस तुझ्यासाठी दारात खांबासारखो उभो होतो, ता नको माका. ती पण खाली मान घालून शिकतली मगे."

मग माझ्याकडे वळले. "तुका काय वाटता गो?"

मी म्हटलं, "बसा तुम्ही."

आईने कपाळाला हात लावला. "बाप तसा, लेक तशी." पण सकाळी तिनेच खुर्ची पुसून दारात ठेवली. वर एक गोणपाटाची चुंबळ करून ठेवली होती, डोक्याला टोचू नये म्हणून.

माघ महिन्यात त्या सोसायटीत गणपती बसायचा. भाद्रपदात बाबा गावी असायचे, तो गणपती आमच्या भाऊबंदांचा. पण माघातला ते "माझ्या कामावरचो गणपती" म्हणायचे आणि मला नि आईला दर्शनाला न्यायचे. तिथे त्यांचं एक ठरलेलं काम होतं, गाऱ्हाणं घालायचं. आमच्या कोकणात देवासमोर उभं राहून खड्या आवाजात सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. सोसायटीतल्या लोकांना त्याची मजा वाटायची. मराठी, गुजराती, सगळे लहान मुलांसारखे ओरडायचे. मालवणी अर्धी कळायची, पण होकार पूर्ण.

त्या वर्षीही आरती झाल्यावर मुलं म्हणाली, "परब काका, गाऱ्हाणं, गाऱ्हाणं." सेक्रेटरी आरतीचं ताट घेऊन पुढे उभे होते. त्यांनाही नाही म्हणता येईना. बाबांनी टोपी काढली, हात जोडले.

"बा देवा गणराया, आज ह्या सोसायटीचे लहान-थोर तुझ्या दारात हात जोडून उभे आसत रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"जो कोण आजारी आसात, तेका बरो कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"पोराटोरांका परीक्षेत यश दी, जेचा लगीन जमना नाय तेचा जमव रे महाराजा."

"व्हय महाराजा." इथे कुणीतरी कुणालातरी कोपर मारलं, हशा झाला.

"बी विंगेची लिफ्ट मधीच अडता, तिका सुबुद्धी दी रे महाराजा."

"व्हय महाराजा." हा सगळ्यात मोठा.

बाबा थांबले नाहीत. त्याच आवाजात, त्याच चालीत पुढे गेले. "आणि ह्या दाराची जो राखण करता, तेचे गुडघे तूच घडयलंस रे महाराजा. काम आसताना तो उभो रवता, काम नसताना तेका बसाक दी रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि जो कोण तेची खुर्ची काढता, तेका तू एक दिवस सकाळपासून सांजेपर्यंत ह्याच दारात उभो ठेव रे महाराजा."

"व्हय महाराजा." सगळे म्हणाले. ताट घेतलेले सेक्रेटरीही म्हणाले, डोळे मिटून. ओरडण्याच्या भरात शब्द कुणी नीट ऐकतच नव्हतं; कळलं ते आम्हा तिघांना आणि मागच्या रांगेतल्या एका मालवणी आजींना. आजी पदर तोंडाला लावून हलत होत्या. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

प्रसाद वाटताना सेक्रेटरींनी विचारलं, "शेवटी काय म्हणाले परब?" शहा भाभी म्हणाल्या, "चांगलंच म्हणाले असतील, देवासमोर कोण वाईट बोलतं?" पण दुसऱ्या दिवशी आजींनी भाभींना अर्थ सांगितला, भाभींनी तो हसत हसत लिफ्टमध्ये चौघांना सांगितला, आणि संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींना सोडून सगळी सोसायटी हसत होती. त्यानंतर चार-पाच घरांनी खुर्ची परत द्या म्हणून कमिटीला सांगितलं म्हणे. शहा भाभींनी तर स्वतःच्या घरातली गादीची खुर्ची खाली पाठवली. बाबांनी ती परत पाठवली. "माझी आसा."

म्हणून ते जिंकले असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. महिन्याच्या आत त्यांची बदली झाली. पवार सांगायला आला तेव्हा त्याची मान खाली होती. मरोळला एका गोदामाचं गेट रिकामं होतं, तेवढं त्याने धडपडून मिळवलं होतं. लांब जागा, ट्रकांची ये-जा, धूळ. बाबांनी त्याला खांद्यावर थोपटलं. "तू कित्याक मान घालतंस? मी घातलंय काय?"

मुलुंडच्या शेवटच्या दिवशी खुर्ची डोक्यावर घेऊन ते निघाले, तेव्हा काही मुलं कोपऱ्यापर्यंत सोबत आली होती, असं त्यांनी सांगितलं. हे सांगताना मात्र ते भिंतीकडे बघत होते.

मरोळला चालत जाता येत नाही. बस. पहिल्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "काका, गाडीत सीट आहेत बसायला." बाबा म्हणाले, "ती तुमची, कुणी साहेब सांगतील तेव्हा उठावं लागेल. ही माझी." कंडक्टरने मागे ठेवू दिली. गोदामाचा मॅनेजर मात्र कंडक्टर नव्हता. त्याने पहिल्याच तासाला सांगितलं, आत खुर्ची चालणार नाही, कंपनीचा नियम आहे. बाबा म्हणाले बरं. खुर्ची उचलली, गेटाच्या बाहेर फुटपाथवर मांडली आणि बसले. ट्रक आला की उठून आत यायचे, गेट उघडायचे, लावायचे आणि पुन्हा बाहेर जाऊन बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, कंपनीने वॉचमनला हाकलून बाहेर बसवलंय. लोक थांबून विचारायचे. बाबा सांगायचे, "नियम आहे साहेब, चांगली कंपनी आहे." मॅनेजरने आठवडाभर सहन केलं आणि मग म्हणाला, "घ्या ती आत, माझ्या बापा."

तिथे सुनंदाबाई म्हणून दुसऱ्या वॉचमन होत्या, घाटकोपरहून यायच्या. सकाळपासून उभ्या असायच्या, कुणी सांगितलं म्हणून नाही, तसंच असतं म्हणून. बाबांनी त्यांना दोन दिवस आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता तुझी आण. मी म्हातारो, माका पण बसाक होया." त्यांनी आणली, निळी. त्या तेराव्याला आल्या होत्या. कोपऱ्यात बसून होत्या. "बिचारे" त्या म्हणाल्या नाहीत.

मी पास झाले. पदवीचा निकाल मी त्यांना मरोळच्या गेटवर फोन करून सांगितला. ते म्हणाले, "बरा झाला. ट्रक इलो, ठेव." नंतर सुनंदाबाईंनी सांगितलं की ट्रक-बिक काही नव्हता.

पुढे मला अंधेरीला एका ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या दिवशी काय घालू, काय बोलू, असं मी विचारत होते तर म्हणाले, "खुर्ची दाखवली तर बस. दाखवली नाय तरी बस." एवढाच उपदेश. नोकरी लागल्यावर मी म्हटलं, आता सोडा गेट, घरी बसा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. काम त्यांना आवडायचं. ते लोकांना कधी कळलं नाही. लोकांना वाटायचं, ज्याला बसायचंय त्याला काम नको असतं.

ते गेले तेव्हा नोकरीतच होते. झोपेत गेले, हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. मी ऑफिसच्या कामासाठी रिक्षाने मरोळवरून जात होते, तर त्यांच्या गेटासमोरच रिक्षा अडकली. एक मोठा ट्रक गोदामात शिरायला बघत होता आणि रस्ता तुंबला होता. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंच्या गाड्या थोपवत होते. तोच मोठा आवाज, शिट्टीची गरज नाही. एका मोटारवाल्याने हॉर्न दाबून धरला होता, त्याच्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला आणि काहीतरी बोलले. हॉर्न थांबला. ट्रक इंच इंच करत आत गेला. ड्रायव्हरने हात वर केला, बाबांनीही केला. गेट लावलं, कडी घातली, हात झटकले.

मॅनेजर आतून येत होता, बाबांच्या दिशेने, काही सांगायला. बाबांनी त्याला येताना पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकला, आणि तो जवळ येईपर्यंत वाट बघू लागले.

मी हाक मारली नाही. ते ड्युटीवर होते.